छायाप्रतीवरची काळी रेघ



२०२४ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतली एक मुलगी बारावी पास झाली. नर्सिंगला प्रवेश घ्यायचा, म्हणून जातपडताळणीच्या अर्जाची धावपळ सुरू झाली. वडील मार्केटात हमाली करतात. त्यांनी कामाचा खाडा करून गावी जाऊन आजोबांच्या शाळेचा १९४८ सालचा प्रवेश-निर्गम उतारा आणला. १० ऑगस्ट १९५० च्या आधीची नोंद, म्हणजे आपल्या लेखी सोन्याचा कागद! एका सेवा केंद्रात त्यांनी सारे कागद स्कॅन करून अर्जाला जोडले, रंगीत झेरॉक्सचे दोन संचही काढले. कचेरीतल्या खिडकीवरच्या बाबूंनी उतारा पाहिला आणि विचारले, "जातीच्या रकान्यावर रेघ कसली? खाडाखोड केली का?"

माणूस घाबरून गेला. रात्री कागदांची पिशवी घेऊन आमच्या दारात आला. म्हणाला, "दादा, मशीनलाबी आपली जात खुपती काय?"

आम्ही मूळ उतारा पाहिला. तो स्वच्छ होता. छायाप्रतीवर मात्र वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती, आणि ती नेमकी जातीच्या रकान्यातून गेली होती. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत पाहिली. तिच्यावरही त्याच जागी रेघ! माणसाने केलेली खाडाखोड एका कागदावर असते. सगळ्या कागदांवर एकाच जागी रेघ आली, तर तो दोष यंत्राचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर केंद्रात गेलो. तिथला मुलगा कागद वरच्या ट्रेमध्ये ठेवून यंत्राला ओढायला लावीत होता. अशा वेळी कागद काचेच्या एका अरुंद पट्टीवरून सरकतो आणि खालचा डोळा जागच्या जागी राहून तो वाचतो. त्या पट्टीवर कण चिकटला की सरकणाऱ्या प्रत्येक कागदावर त्याची लांब रेघ होते. तोच कण झाकणाखालच्या मोठ्या काचेवर असता तर नुसता ठिपका उठला असता. आम्ही उतारा मोठ्या काचेवर ठेवायला सांगितले. प्रत लख्ख आली! मग त्या मुलाने मऊ, किंचित ओलसर फडक्याने पट्टी पुसली, तेव्हा वाळलेल्या व्हाइटनरचा एक कपचा निघाला. एवढ्याशा कपच्याने एका घराची झोप उडवली होती.

आता अनेक कचेऱ्यांत रंगीत यंत्रे आहेत आणि आपली अनेक मुले-मुली त्यांच्यावर काम करतात. प्रत बिघडली की बोलणी त्यांनाच बसतात. म्हणून दोष कसा शोधावा ते इथे सांगतो.

पहिली पायरी ही, की दोष वाचण्यात आहे की छापण्यात ते ठरवावे. संगणकावरून एक पान छापून पाहावे. ते स्वच्छ आले तर दोष काचेकडे आहे. त्यावरही डाग आला तर दोष यंत्राच्या पोटात आहे. एकच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटत असेल तर ड्रम किंवा एखादा रोलर खराब झाला, असे समजावे. दोन डागांमधले अंतर फूटपट्टीने मोजून कारागिराला सांगावे. त्यावरून कोणता भाग फिरताना डाग पाडतो, ते त्याला कळते आणि नको तो भाग बदलण्याचा खर्च वाचतो.

रंगाचा दोष ओळखायला आपल्याजवळ घरचीच कसोटी आहे, ती म्हणजे पंचशील ध्वज. यंत्रात चारच रंगांची पूड असते: आकाशी निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. ध्वजाचा निळा पट्टा आकाशी आणि किरमिजी मिळून होतो. लाल पट्टा किरमिजी आणि पिवळी मिळून होतो. केशरी पट्ट्यात पिवळी जास्त, किरमिजी कमी. पिवळा एकट्या पिवळीचा आणि पांढरा म्हणजे कोरा कागद. निळा जांभळट दिसला तर आकाशी कमी पडते आहे. लाल गुलाबी दिसला तर पिवळी कमी. केशरी पिवळट झाला तर किरमिजी कमी. पांढरा पट्टा मळकट आला तर पूड नको तिथे सांडते आहे, किंवा मूळ कागदच जुनाट आहे. कडांना भलत्याच रंगाची किनार दिसली तर रंग एकावर एक नीट बसत नाहीत. पूड संपली नसेल तर यंत्रातच रंग जुळवण्याची सोय असते, ती आधी वापरावी. आमच्या १४ एप्रिलच्या पत्रकावर एकदा निळा झेंडा चक्क जांभळा आला होता. तेव्हा ही युक्ती कामी आली.

बोट फिरवले की अक्षर पुसले जात असेल तर पूड कागदावर भाजून बसलेली नाही. जाड कागद असेल तर यंत्राला तसे सांगावे लागते. पावसाळ्यात सर्द कागदावर छपाई डागाडागांची येते, म्हणून रीम उघडी ठेवू नये. सांडलेली पूड गरम पाण्याने कधीही पुसू नये, ती चिकटून बसते. ड्रमला हात लावू नये, उजेडातही ठेवू नये.

जुना, जीर्ण कागद ट्रेमधून कधीच जाऊ देऊ नका. तो फाटला तर पिढीचा पुरावा गेला! तो काचेवरच ठेवायला सांगा. प्रत पिवळट, पुसट आली तर पार्श्वभूमी फिकी आणि अक्षर गडद करायला सांगा. खिडकीवरून हलण्याआधी नाव, जात, तारीख आणि शिक्का या चार गोष्टी प्रतीवर वाचून पाहा.

धर्मांतर केलेल्या आपल्या माणसांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. एवढ्या लढ्याने मिळालेला हक्क व्हाइटनरच्या कपच्यापायी अडकू द्यायचा का? तथागतांनी शिकवले की प्रत्येक गोष्टीला कारण असते. कारण शोधा, ते दूर करा. हे दुःखाला लागू आहे, तसे कागदावरच्या डागालाही आहे. डाग दिसला की नशिबाला बोल लावू नये आणि यंत्रावरच्या पोरालाही दोष देऊ नये.

त्या मुलीचे कागद नव्याने स्कॅन करून दिले आणि ते खिडकीवर घेतले गेले. जाताना ती म्हणाली, "काका, आता वस्तीतल्या सगळ्यांच्या झेरॉक्सा मीच तपासणार." दर रविवारी सकाळी वंदनेनंतर ती विहारात बसते. ज्यांचे अर्ज भरायचे आहेत, त्यांनी मूळ कागद आणि छायाप्रती घेऊन तिच्याकडे यावे.

जयभीम.