काटकसरीतला कस

घरखर्चाची वही हल्ली बहुतेक घरांतून नाहीशी झाली असली, तरी त्या वहीतली चिंता काही नाहीशी झालेली नाही. महिन्याची वीस तारीख उलटली की पगारदार माणसाचा हात बाजारात आखडू लागतो, आणि पहिली कात्री लागते ती भाजीला, कडधान्याला, फळांना व दुधाला. बिस्किटांचे पुडे, फरसाण, शीतपेये आणि दोन मिनिटांत शिजणारे शेवयांचे पाकीट मात्र नित्यनेमाने घरात येतच राहते. त्याच घरातला तरुण मुलगा व्यायामशाळेत जाऊ लागला की प्रोटीन पावडरीच्या डब्याची मागणी करतो, आणि आईबाप पोटाला चिमटा घेऊन तीही पुरवितात. शरीर कमावण्याची हौस स्वागतार्हच होय. तिच्यासाठी जो मार्ग धरला जात आहे, तो मात्र खिशाला आणि प्रकृतीला कितपत मानवणारा आहे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

दरडोई उत्पन्नात देशातील अग्रेसर राज्यांत गोव्याची गणना होते. तथापि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आढळले तेही गोव्यातच. प्रौढांमध्ये ते २६.४ टक्के होते, म्हणजे चारांतील एकाहून अधिक! दुसरीकडे, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) येथील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे ३९ स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या दिसून आल्या. २०१५-१६ च्या पाहणीत हीच संख्या ३१ होती. एकाच घरात बापाच्या रक्तात साखर अधिक आणि आईच्या रक्तात लोह उणे, असे हे चित्र आहे. अन्नावर खर्च होत नाही असे म्हणता येणार नाही. तो भलत्या ठिकाणी होतो, एवढेच.

शरीराला लागते तरी किती? निरोगी प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. साठ किलो वजनाच्या माणसाला ती झाली पन्नास ग्रॅम. आता आपल्याच स्वयंपाकघरात हिशेब मांडून पाहावा. दिवसभरात अडीचशे ग्रॅम तांदूळ पोटात गेले की त्यातून सुमारे अठरा ग्रॅम मिळतात. साठ ग्रॅम मूग, कुळीथ किंवा अळसांदे यांतून सुमारे तेरा, आणि शंभर ग्रॅम तारले वा बांगडे यांतून अठराच्या आसपास. पन्नासाचा आकडा येथेच जवळजवळ गाठला गेला. सोमवार असो, श्रावण असो वा चतुर्थीचे दिवस असोत, मासळी वर्ज्य असेल तेव्हा आणखी मूठभर कडधान्य, तेवढेच शेंगदाणे आणि पेलाभर दूध ती उणीव भरून काढतात. कसून व्यायाम करणाऱ्याला थोडे अधिक लागते हे खरे; परंतु तेही एखाददुसरे अंडे आणि वाटीभर उसळ यांतून सहज मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशी प्रथिनचूर्णे घेण्याचे टाळावे, असा स्पष्ट सल्ला दिला आहे. मग हा डबा कोणासाठी?

आपल्या पूर्वजांच्या ताटात जे होते, त्यातील कितीतरी पदार्थ आजही बाजारातील स्वस्त मालात मोडतात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तिचे तिजान बाळंतिणीला आणि लहान मुलांना देण्याची रीत उगाच पडलेली नाही. उकडा तांदूळ भाताच्याच स्थितीत वाफवला जात असल्यामुळे कोंड्यालगतची जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात, म्हणून सकाळची पेज ही बिस्किट-चहापेक्षा केव्हाही सरस. तांबडी भाजी, शेवग्याचा पाला आणि पहिल्या पावसात रानोमाळ उगवणारा टाकळा यांना मोल ते किती? तारले हा तर समुद्राने गरिबाला दिलेला प्रसाद! हृदयाला हितकारक असलेली स्निग्ध द्रव्ये या लहान मासळीत विपुल असतात. पाहुण्यांपुढे इसवण नाही तर पापलेट मांडले नाही म्हणजे अब्रू गेली, ही समजूत खिशाला छिद्र पाडते, प्रकृतीचे मात्र काहीच साधत नाही. मे महिन्यात पुरुमेंताच्या वेळी वर्षाची कडधान्ये भरून ठेवण्याची प्रथाही, जून आणि जुलै हे मासेमारीबंदीचे दोन महिने ध्यानी घेता, मोठी शहाणपणाची होती.

तथापि जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाला भाताचा डोंगर पचत असे. कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्याला तो पचत नाही. भात अर्धा करावा आणि त्या जागी भाजी व उसळ वाढावी, हा मधुमेहाच्या छायेत वावरणाऱ्या या प्रदेशाला पहिला धडा आहे. सुकी मासळी व लोणची यांतून मीठ फार जाते. दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा ओलांडणे हे रक्तदाबाला आमंत्रण होय. रक्तक्षय असलेल्यांनी पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणालगतचा चहा टाळावा. लोह अंगी लागण्यास त्याने साहाय्य होते. या साऱ्याला एक पैसाही अधिक लागत नाही.

सत्त्व आणि साधेपणा यांची सांगड ही काही नवी कल्पना नव्हे. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला, तेव्हा हातसडीचा तांदूळ आणि गूळ यांचा पुरस्कार त्या कार्यात अग्रभागी होता. गिरणीत पांढराशुभ्र झालेला दाणा खेड्यातील माणसाचे आरोग्यही नेतो आणि रोजगारही, ही त्यांची भूमिका होती. आज त्या दाण्याची जागा चकचकीत वेष्टनांनी घेतली आहे, इतकाच फरक.

अर्थात, गरिबाला काटकसरीचा उपदेश करून समाजाला आणि शासनाला मोकळे होता येणार नाही. गोव्याच्या भाजीचा मोठा भाग बेळगावहून येतो; घाटात दरड कोसळली की येथल्या गृहिणीचा हिशेब कोसळतो. फलोत्पादन महामंडळाची गाडे-दुकाने स्वस्त भाजी देतात ही चांगलीच गोष्ट आहे. तेथे गावची तांबडी भाजी आणि स्थानिक अळसांदेही नियमाने मिळाले पाहिजेत. रेशनच्या दुकानात तांदळासोबत डाळ आणि नाचणी मिळावी. शाळेतील माध्यान्ह आहारात कडधान्याची उसळ वरचेवर असावी. किनाऱ्यावर उतरणारे तारले मासळीचे कूट आणि तेल काढणाऱ्या कारखान्यांकडे वळण्याआधी सामान्य माणसाच्या ताटात पोचतील, अशी व्यवस्था मत्स्योद्योग खात्याने करावी. या मागण्या अवास्तव आहेत असे कोण म्हणेल?

परंतु एक सुधारणा अशी आहे की तिला सरकारी आदेश लागत नाही आणि पैसाही लागत नाही. आपल्या घरांतून अजूनही पुरुष आणि मुले आधी जेवतात आणि गृहिणी शेवटी बसते. मासळीचा तुकडा तोवर संपलेला असतो, भाजी तळाशी उरलेली असते. ती हुमणाच्या रसाशी भात कालवून उठते. शंभरांतील त्या ३९ स्त्रियांचा रक्तक्षय कशातून आला याची कारणे अनेक असतील, पण त्यांतील एक याच पाटावर बसलेले आहे. अन्नपूर्णा म्हणून जिला गौरवावयाचे, तिच्याच पानात अन्न अपुरे, ही विसंगती सुशिक्षित म्हणविणाऱ्या समाजाला शोभत नाही.

म्हणून वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. या महिन्याचे वाणसामान आणताना बिस्किटे, फरसाण, शीतपेये आणि डबाबंद चूर्णे यांची बेरीज निराळी मांडावी. ती रक्कम पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटेल. तिच्या निम्म्या पैशांत कुळीथ, मूग, नाचणी, शेंगदाणे आणि पालेभाजी घरात येऊ द्यावी, आणि त्या दिवसापासून घरातल्या सर्वांची पाने एकाच वेळी मांडली जावीत. बलदंड शरीराची पायाभरणी व्यायामशाळेत होण्याआधी स्वयंपाकघरात होत असते. तेथे खर्च वाढविण्यापेक्षा वाटणी नीट करणे हेच आज अधिक अगत्याचे आहे.