विदेशी वाइनसाठी १० वर्षांची मुदत, कापसासाठी एका रात्रीची: दिग्रसच्या शेतकऱ्याने हा हिशेब का समजून घ्यावा?

यवतमाळ जिल्ह्यातलं दिग्रस हा कापूस आणि सोयाबीनचा पट्टा. इथल्या बाजार समितीत वाइनची चर्चा होण्याचं कारण नाही. पण भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या एकाच व्यापार करारात महागडी पांढरी वाइनही आहे आणि कापूसही. दोन्ही पिकांना मिळालेली वागणूक शेजारी ठेवून पाहिली, तर आयात शुल्क म्हणजे नेमकं काय आणि ते कोणाला वाचवतं, हे चटकन कळतं.

करारात वाइनचं काय ठरलं?

हा करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्याआधी विदेशी वाइनवर १५० टक्के आयात शुल्क होतं. करारानुसार ५ डॉलरपेक्षा महाग बाटलीवर ते लगेच १०० टक्के झालं आणि १० वर्षांत ५० टक्क्यांवर येणार आहे. १५ डॉलरपेक्षा महाग बाटलीवर ते थेट ७५ टक्के झालं आणि १० वर्षांत २५ टक्के होईल. ५ डॉलरच्या आतल्या बाटलीला मात्र कोणतीही सवलत नाही.

उदाहरण घेऊ. बंदरावर २,००० रुपये किंमत असलेल्या महाग गटातल्या बाटलीवर पूर्वी ३,००० रुपये शुल्क लागायचं. सवलतीच्या सुरुवातीला ते १,५०० झालं, शेवटी ५०० रुपये राहील. म्हणजे राज्याचे कर धरण्याआधीच ५,००० रुपयांची बाटली २,५०० वर येते.

ही वाइन इतकी महाग का?

या वरच्या गटात बसणारी एक वाइन पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मार्गारेट रिव्हर भागातून येते. या भागाच्या तीन बाजूंना समुद्र आहे. गार वाऱ्यामुळे द्राक्षं सावकाश पिकतात आणि त्यांचा आंबटपणा टिकतो. सोव्हिन्याँ ब्लाँ आणि सेमियाँ या दोन जातींचं मिश्रण ही इथली ओळख. त्यातला चांगला माल ओक लाकडाच्या पिंपांत मुरवतात. लाकडातून किंचित हवा आत जाते, वाइनला भरीवपणा आणि मसाल्यासारखा वास येतो. नेहमीच्या २२५ लिटरच्या पिंपातून साधारण ३०० बाटल्या निघतात. पिंप महाग, त्यात माल महिनोन्‌महिने अडकून पडतो. ही सगळी किंमत बाटलीवर चढते.

मग नाशिकला धोका किती?

नाशिकमध्ये हवामान वेगळं आहे. इथे पावसाळा संपताना छाटणी करतात आणि उन्हाळा तापायच्या आत, जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षं काढतात. अकलूजच्या फ्रातेलीसारख्या कंपन्या ओकमध्ये मुरवलेली शार्दोने बनवतात, पण महाराष्ट्रातला बराचसा खप परवडणाऱ्या वाइनचा आहे. ५ डॉलरची खालची मर्यादा नेमकी याच वाइनला संरक्षण देते. स्पर्धा वाढेल ती वरच्या गटात, आणि त्यासाठीही उत्पादकांना १० वर्षं मिळाली आहेत. शिवाय राज्य सरकारची २००१ पासूनची द्राक्ष प्रक्रिया धोरणं आणि करपरताव्याची योजना त्यांच्या पाठीशी आहे.

कापसाचं काय झालं?

याच करारात ऑस्ट्रेलियाचा ५१,००० टन, म्हणजे ३ लाख गाठी, लांब धाग्याचा कापूस दरवर्षी शुल्काविना आणण्याची मुभा आहे. भारताचं उत्पादन साधारण ३०० लाख गाठींचं असल्याने हा आकडा जेमतेम १ टक्का भरतो. खरा धक्का कराराबाहेरून बसला.

कापसावर २०२१ पासून ११ टक्के आयात शुल्क होतं. केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून ते शून्य केलं. अधिसूचना आदल्या दिवशी निघाली. आधी मुदत ३० सप्टेंबरपर्यंत होती. मग अमेरिकेचं ५० टक्के शुल्क लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. विदर्भात वेचणी आणि विक्रीचा मोठा काळ नेमका ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, पण खुल्या बाजारात त्याच्या खाली दर मिळत असल्याच्या तक्रारी आल्या. सीसीआयला विकायचं तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी हवी आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. परतीच्या पावसात भिजलेल्या कापसाला ही अट जड जाते.

ही तुलना योग्य आहे का?

पूर्णपणे नाही. वाइन ही चैनीची तयार वस्तू आहे, तर कापूस हा गिरण्यांचा कच्चा माल. अमेरिकेची बाजारपेठ अडचणीत आल्यावर सूत आणि कपड्यांच्या कारखान्यांना स्वस्त कापूस हवा होता आणि तिथेही लाखो मजुरांची रोजी आहे. शुल्क कमी करणं चुकीचंच होतं असं म्हणता येत नाही.

फरक आहे तो पद्धतीत. वाइनसाठी किमान किंमत ठरली, टप्पे ठरले, वर्षं ठरली. नाशिकच्या बागायतदाराला २०३२ मध्ये काय होणार हे आज माहीत आहे. दिग्रसच्या शेतकऱ्याने जूनमध्ये सरकी लावली, तेव्हा शुल्क ११ टक्के होतं. बोंडं लागेपर्यंत ते शून्य झालं. पेरणीनंतर पीक बदलता येत नाही.

पुढे काय पाहायचं?

युरोपीय संघाशी व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ ला झाली. त्यातही वाइनवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानेच उतरणार आहे. कापसाबाबत शेतकऱ्यांना मागता येईल अशी गोष्ट साधी आहे: शुल्कातला बदल पेरणीआधी जाहीर व्हावा, आणि हंगामात तो करावाच लागला तर सीसीआयची खरेदी केंद्रं त्याच आठवड्यात सुरू व्हावीत.