पीक की डाळ?

आपल्या दुबलगुंडीच्या घराघरांत मराठी आणि कन्नड एकाच चुलीवर शिजतात. त्यामुळे इकडची मुले शेती, लग्नविधी, बोली अशा विषयांवर प्रबंध लिहितात, तेव्हा शेवटी शब्दसूची द्यावीच लागते. असे काही प्रबंध छपाईआधी माझ्याकडे वाचायला येतात. दोनशे पाने मन लावून लिहिलेली. शब्दसूची मात्र शेवटच्या रात्री उरकलेली!

एकच उदाहरण घ्या. कन्नडमध्ये ‘बेळे’ म्हणजे पीक आणि ‘बेळे’ म्हणजे डाळही. पिकातला पहिला ए ऱ्हस्व, डाळीतला दीर्घ. बोलताना आपल्या आज्या कधी चुकत नाहीत. पण देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात आणि पुण्याचा परीक्षक उभ्या पिकाची डाळ करून टाकतो. देवनागरीत ऱ्हस्व ए साठी ‘ऎ’ हे चिन्ह आहे. पीक ‘बॆळॆ’, डाळ ‘बेळॆ’ असे लिहावे आणि सूचीच्या आरंभी तशी एक ओळ द्यावी.

दुसरी गोष्ट विरामचिन्हांची. शब्दाला चिकटून अपूर्णविराम दिला की तो विसर्ग वाटतो. म्हणून आपल्या लिपीत शब्द आणि अर्थ यांमध्ये आडवी रेघ बरी. शब्द ठळक, कंसात लिंग व मूळ भाषा, मग रेघ, मग अर्थ. उदाहरणार्थ :

अडकित्ता (पु., क.) – सुपारी कातरण्याचे साधन.

जवळचे अर्थ स्वल्पविरामाने जोडावेत, निराळा अर्थ आला की अर्धविराम द्यावा. शेवटी पूर्णविराम द्यायचा तर प्रत्येक नोंदीला द्यावा. लिंग गाळू नये. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी, म्हणून तर आपली मुले ‘तो खुर्ची’ म्हणतात! मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी कोशातही शब्दामागोमाग लिंग दिलेले आहे.

तिसरी गोष्ट क्रमाची. संगणकाने लावलेल्या क्रमात ‘ळ’ पुष्कळदा ‘ल’च्या पाठोपाठ येतो. आपल्या दोन्ही वर्णमालांत त्याची जागा ‘ह’नंतर आहे. तेव्हा सूची एकदा डोळ्यांखालून घालावी.

ही किरकोळ कामे नव्हेत. नांगर, मोट गेली तसे त्यांचे शब्दही चालले आहेत. पुढे ते कुणाला सापडले, तर अशा सूचीतच सापडतील. म्हणून छापण्याआधी ती घरातल्या थोरांना मोठ्याने वाचून दाखवा. ते जिथे ‘असं नव्हे गं’ म्हणतील, तिथे पेन्सिलीची खूण करा.