यथाशक्ती म्हणजे किती?

मार्च महिना जवळ आला की बँकेच्या काउंटरवर एका विशिष्ट प्रकारच्या कागदाची वर्दळ सुरू होते. ग्राहक तो चलनासोबत पुढे सरकवतात आणि म्हणतात, "या संस्थेला थोडे पैसे पाठवायचे आहेत, खाते क्रमांक यातच कुठेतरी असेल बघा." हा कागद म्हणजे देणगीसाठीचे विनंतिपत्र. माझ्या आजवरच्या नोकरीत अशी कित्येक पत्रे हातून गेली. लिहिणाऱ्याच्या हेतूविषयी शंका यावी असे त्यांतले एखादेच होते. मात्र खाते क्रमांक चटकन सापडावा असेही एखादेच.

या पत्रांचा साचा ठरून गेलेला आहे. आरंभी संस्थापकांचे पुण्यस्मरण, मग संस्थेला भेट दिलेल्या मान्यवरांची नामावली, मग वाढत्या महागाईचा उल्लेख आणि अगदी तळाशी एक ओळ: "आपण यथाशक्ती, फूल ना फुलाची पाकळी, साहाय्य करावे ही नम्र विनंती." माझा आक्षेप नेमका या ओळीला आहे. ती नम्र दिसते खरी, परंतु किती हवे, कशासाठी हवे आणि केव्हापर्यंत हवे हे ठरवण्याचे काम ती वाचणाऱ्यावर ढकलते. ज्याला ते ठरवता येत नाही, तो नकार देत नाही. पत्र टेबलाच्या खणात ठेवतो. कर्जाच्या अर्जात कोणी "बँकेने यथाशक्ती कर्ज द्यावे" असे लिहिले तर आम्ही तो अर्ज विचारातही घेणार नाही. देणगी म्हणजे कर्ज नव्हे, हे मान्य. पण दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा मागताना आधी आपला हिशेब मांडावा, हा नियम दोन्हीकडे सारखाच असावा.

आपल्याकडे याचा जुना दाखला आहे. गेल्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगासाठी 'पैसा फंड' उभारला. त्यांनी यथाशक्ती मागितले नाही. माणशी एक पैसा मागितला. त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. एक पैसा ही रक्कम लहान होती, पण नेमकी होती. ती दिल्यावर आपला वाटा पुरा झाला, हे देणाऱ्याला कळत होते.

माझ्या मागील शाखेत असताना एका ग्रामीण वसतिगृहाचे कार्यवाह आमच्याकडे येत. निवृत्त शिक्षक, सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे, मीही म्हणू लागलो. वसतिगृहात बासष्ट मुले होती. अनुदान येई, परंतु त्याला स्वतःची अशी एक गती होती; मुलांच्या भुकेला तशी सवलत नसते. गुरुजींनी माजी विद्यार्थ्यांना धाडण्यासाठी लिहिलेले पत्र मला वाचायला दिले. दोन पाने, सुंदर हस्ताक्षर आणि शेवटी तीच पाकळी.

मी म्हटले, "गुरुजी, यात आकडा घालू या."

"साहेब, मागणाऱ्याने आकडा सांगणे उद्धटपणाचे दिसते."

बराच वेळ आमचे यावर चालले. शेवटी वसतिगृहाची खर्चवही उघडली. एका मुलाचा महिन्याचा भोजनखर्च २,४०० रुपये, म्हणजे दिवसाला ८० रुपये निघाला. गुरुजी त्या ८० च्या आकड्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत ही वाटणी त्यांनी केली नव्हती. ज्याची ऐपत बेताची आहे त्यालाही ८० रुपये पाठवताना संकोच वाटणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले आणि पत्राची पहिली ओळ तिथेच ठरली: 'आपल्या वसतिगृहातील एका मुलाच्या एका दिवसाच्या दोन्ही वेळच्या जेवणास ८० रुपये लागतात.' त्याखाली जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत नेमकी किती तूट पडते, तो आकडा आला. संस्थापकांना आम्ही दुसऱ्या पानावर नेले. त्यांची हरकत नसावी.

एका मुद्द्यावर मात्र चूक माझी होती. एखाद्या मुलाचे छायाचित्र आणि त्याच्या घरची हलाखी पत्रात द्यावी, असे मी सुचवले होते. अशी पत्रे मन हेलावतात, हे मी पाहिले होते. गुरुजी शांतपणे म्हणाले, "साहेब, त्या मुलाला आपण वाचायला शिकवतो आहोत. उद्या हे पत्र त्याच्याही हाती पडेल." मी छायाचित्राचा आग्रह सोडला. त्यानंतर दुसऱ्या संस्थांच्या पत्रांवरील रडवेले चेहरे पाहताना मला ते वाक्य आठवते.

आता थोडे आमच्या खात्यातले. आदल्या वर्षीच्या पत्रावरील आयएफएस कोड जुना होता. १ एप्रिल २०२० रोजी सहा सार्वजनिक बँका अन्य चार बँकांत विलीन झाल्या आणि यथावकाश कित्येक शाखांचे कोड बदलले. वसतिगृहाकडे मात्र जुन्या छापील पत्रांचा गठ्ठा शिल्लक होता आणि तो वाया घालवणे गुरुजींच्या स्वभावात नव्हते. इंदूरच्या एका माजी विद्यार्थ्याने पैसे परत आल्याचे दूरध्वनीवर कळवले, म्हणून ही गोष्ट उघडकीस आली. पाठवू न शकलेले आणखी किती जण गप्प राहिले, हे कोणत्याही खातेवहीत सापडणार नाही.

नावाचेही तसेच. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी किंवा आरटीजीएसने रक्कम पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहून घेण्याची सोय झाली आहे. पत्रावर वसतिगृहाचे लोकांच्या तोंडी असलेले नाव आणि पडद्यावर न्यासाचे नोंदणीकृत नाव दिसले तर सावध माणूस तिथेच थांबतो, आणि त्याने थांबावे असेच आम्ही त्याला शिकवत आलो आहोत! तेव्हा पासबुकावर आहे तेच नाव पत्रात अक्षरशः उतरवावे. क्यूआर कोड अवश्य छापावा. मात्र पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता व पॅन कळवावे, ही सूचना त्याच्या शेजारीच असावी. २०२१-२२ पासून संस्थेला देणग्यांचे विवरण प्राप्तिकर खात्याकडे भरावे लागते. निनावी आलेल्या रकमेचे प्रमाणपत्र ती कोणाच्या नावे देणार?

करसवलतीविषयी माझे मत काहींना रुचणार नाही. पुष्कळ पत्रांचा मथळाच 'करसवलतीस पात्र' असा असतो. सवलत असल्यास ती सांगावी, पण तळाशी. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली ठरली आहे आणि तिच्यात सर्वसामान्य देणगीदाराला ही वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीतही रोखीने दिलेल्या दोन हजारांवरील देणगीला ती नाही. केवळ सवलतीच्या आधारावर उभे असलेले आवाहन अशा वाचकापुढे कोसळते.

त्या वर्षी गुरुजींनी १४० पत्रे टपालात टाकली. तूट पूर्ण भरून निघाली नाही. सुमारे दोन तृतीयांश निघाली. गुरुजींनी प्रत्येकाला पावती आणि दोन ओळींचे पत्र पाठवले. ८० रुपये पाठवणाऱ्यालाही तेच, त्याच कागदावर. पुढे माझी बदली झाली. यंदाच्या पत्राचा मसुदा त्यांनी टपालाने माझ्याकडे धाडला आहे. पहिल्या परिच्छेदात गेल्या वर्षीचा हिशेब आहे: किती मागितले, किती आले, कशावर खर्च झाले आणि ३,१६० रुपये शिल्लक कुठे आहेत. मला त्यात एका जोडाक्षरापलीकडे दुरुस्त करण्यासारखे काही आढळले नाही. सोबत त्यांनी पासबुकाच्या पहिल्या पानाची छायाप्रत जोडली होती; खाते क्रमांक तेवढा मी तिच्याशी दोनदा ताडून पाहिला.