उसना कॅल्क्युलेटर चालेल, उसना डाइव्ह कॉम्प्युटर नको

हॉस्टेलमध्ये काय उसनं मिळत नाही? ड्राफ्टर, लॅब कोट, इस्त्री, बाइक, सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खी जर्नल! या उसनवारीवरच आपली चार वर्षं निघतात, आणि त्यात काही वाईट आहे असं मला मुळीच वाटत नाही. पण हल्ली आपल्याकडे स्कूबाचं वेड वाढलंय. मालवण-तारकर्लीची ट्रिप करून आलेल्यांपैकी एखाद-दोघे पुढे रीतसर ओपन वॉटर कोर्स करतात, मग अंदमानचे बेत शिजतात आणि उसनवारीची सवय पाण्याखालीही जाते. "तुझा कॉम्प्युटर आहे ना? मग झालं. मी तुझ्या बाजूलाच राहीन की!" हे वाक्य कितीही मैत्रीचं असलं तरी धोक्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जे स्वतःचा घेतात, ते मोबाइल घेतल्यासारखा घेतात. स्क्रीन रंगीत आहे का, ब्लूटूथ आहे का, हातात भारी दिसतो का. मुख्य प्रश्न कुणी विचारतच नाही: हे यंत्र नेमकं करतं काय?

ते आधी बघू. पाण्यात दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर दाब चार पट. तिथे आपण त्याच दाबाची हवा श्वासात घेतो, त्यामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशींमध्ये विरघळत जातो. घाईने वर आलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं, अंगात बुडबुडे. सांधे दुखण्यापासून ते पाय कायमचे लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, आणि उपचारासाठी लागणारं प्रेशर चेंबर काही प्रत्येक बंदरावर नसतं.

जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ साली बोकडांवरच्या प्रयोगांतून याचं गणित मांडलं. (त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.) थोरल्या हाल्डेनची कल्पना आपल्याला लगेच कळेल, कारण ती सेकंड सेमिस्टरच्या आर-सी सर्किटचीच आहे. शरीर म्हणजे एक कपॅसिटर नव्हे, वेगवेगळ्या टाइम कॉन्स्टंटचे अनेक कपॅसिटर. त्यांनी पाच धरले, अर्धकाल ५ ते ७५ मिनिटं. ३० मीटरवर २० मिनिटं राहिलात, तर ५ मिनिटांच्या अर्धकालाचा गट जवळजवळ ९४ टक्के भरतो आणि ८० मिनिटांचा गट जेमतेम १६ टक्के. वर आल्यावर रिकामं होण्याचंही तसंच. जे चटकन भरतं ते चटकन सुटतं, जे सावकाश भरतं ते दुसऱ्या दिवशीही थोडं शिल्लक असतं. झुरिकच्या ब्यूलमान यांनी हेच गट सोळापर्यंत नेले. १९८० च्या दशकात मनगटावर बसतील अशी यंत्रं आली आणि हा हिशेब दर काही सेकंदांनी होऊ लागला.

आता लक्षात घ्या, कॉम्प्युटर मोजतो फक्त दाब, वेळ आणि पाण्याचं तापमान. तुमच्या रक्तातला नायट्रोजन तो मोजत नाही, अंदाज करतो. युरोपात या यंत्रांवर जे ईएन १३३१९ मानक लावतात, तेसुद्धा खोली आणि वेळेच्या मोजणीपुरतं आहे. बुडबुड्यांचं गणित त्यात येत नाही. त्या गणितात चूक होऊ शकते हे नुसतं म्हणायला नाही. उवाटेकच्या अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स या मॉडेलची १९९५ मध्ये बनलेली यंत्रं २००३ साली परत मागवावी लागली. दोन डाइव्हच्या मधल्या वेळेत माणूस किनाऱ्यावर साधी हवा घेतो, पण सॉफ्टवेअर समजत होतं की तो अजून नायट्रॉक्सच घेतोय. त्यामुळे प्रत्यक्षात होता त्यापेक्षा कमी नायट्रोजन शिल्लक दाखवला जायचा. एक चुकीचं गृहीतक, बस्स. व्हायवाला सर "असम्प्शन्स काय?" म्हणून पिडतात ते उगीच नाही!

यावरूनच उसनवारीचा मुद्दा निकालात निघतो. या यंत्राला स्मृती असते आणि ती एकाच माणसाची असते. सकाळी तुम्ही दोन डाइव्ह केल्यात आणि दुपारी मित्राचा, खोलीत पडून असलेला कॉम्प्युटर बांधून उतरलात, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही कोरे करकरीत. तो खुशाल जास्त वेळ देईल. "बाजूलाच राहीन"चंही तेच. मित्र कासव बघत १४ मीटरवर आणि तुम्ही फोटोसाठी १८ वर, तर दोघांचा हिशेब वेगळा झाला. जुन्या तक्त्यांमध्ये संपूर्ण डाइव्ह सर्वांत खोल जागीच झाली असं धरत, त्यामुळे थोडी सूट राहायची. पाडीच्या तक्त्यावर १८ मीटरला ५६ मिनिटं, ३० मीटरला २०. कॉम्प्युटर प्रत्यक्ष खोलीवर हिशेब करतो, म्हणून वेळ जास्त मिळतो आणि सूट कमी उरते. उसन्या हिशेबाला तिथे जागा नाही.

मग घ्यावा कोणता? पहिली गोष्ट, नुसतं मालवणला ट्राय डाइव्ह करणार असाल तर काहीच घेऊ नका. तिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून उथळ पाण्यात नेतो. कोर्स झाला आणि वर्षाला एखादीच ट्रिप असेल तर डाइव्ह सेंटरकडून भाड्याने घ्या, पण सगळ्या डाइव्हना तोच ठेवा आणि मॅन्युअल आदल्या रात्री वाचा.

दुसरी गोष्ट, विकत घेताना स्क्रीनच्या आकाराआधी अल्गोरिदम विचारा. ब्यूलमानचं गणित प्रसिद्ध आहे, कुणीही तपासू शकतो. त्यात ग्रेडियंट फॅक्टर असतील तर मॉडेलने दिलेल्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं हे तुम्ही ठरवता. काही कंपन्या आपलं गणित झाकून ठेवतात आणि 'कडक-सौम्य' अशा दोन-तीन पायऱ्या देतात. ती यंत्रं वाईट असं मी म्हणत नाही. पण आपण इंजिनिअर होणार आहोत, तर ज्याचं गणित उघड आहे ते घ्यावं. आणि सेटिंग सौम्यावर नव्हे, कडकवर ठेवावं.

तिसरी, वाचता येतं का? खोली, उरलेला वेळ, वर येण्याचा वेग. हे तीन आकडे गढूळ पाण्यात, चष्म्याशिवाय, एका नजरेत दिसले पाहिजेत. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच सुंदर दिसतात. बॅटरी स्वतःला बदलता येते का, हेही बघा. नायट्रॉक्सची सोय असावी, आज नाही तर उद्या लागेल. टाकीतला दाब वायरलेसने दाखवणारी सोय पहिल्या यंत्रात नसली तरी काही अडत नाही, ते पैसे आणखी चार डाइव्हवर घाला. खोली दाखवणारं घड्याळ म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर नव्हे, हेही दुकानदाराला ठणकावून विचारा.

चौथी गोष्ट खास आपल्या रूटची. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला असा की एका साध्या डाइव्हनंतर १२ तास आणि लागोपाठच्या डाइव्हनंतर १८ तास विमानात बसू नये. हा सल्ला सुमारे ६०० ते २४०० मीटर उंचीच्या दाबासाठी आहे. आंबोली घाट जवळपास ७०० मीटरवर जातो! दिवसभरात तीन डाइव्ह मारून रात्रीच्या गाडीने घाट चढून सकाळी लेक्चरला बसण्याचा बेत कुणी करू नये. कॉम्प्युटरवरचा विमानाचं चिन्ह असलेला आकडा घाटासाठीही बघा.

खर्च आहे, कबूल. साधं यंत्रसुद्धा काही महिन्यांच्या मेस बिलाएवढं जातं. पण दोघांत मिळून एक घेऊ, हा त्यावरचा उपाय नाही. एक ट्रिप पुढे ढकला, भाड्याने घ्या, सेकंड हँड घ्या (बॅटरीचा कप्पा आणि सील तपासून). आणि घेतल्यावर तो "थांब" म्हणाला की थांबा. हॉस्टेलमध्ये रेक्टर सोडून कुणाचं ऐकायची आपल्याला सवय नाही, पण पाण्याखाली या एकाचं तरी ऐका.