डीएपी चुकला तरी घास लगेच बसत नाही, पण पुढं?

डीएपी दुकानात नाही म्हटलं की आमच्याकडं बोंब सुरू होते. २०२४ च्या रब्बीत रांगेत उभं राहून मीपण दोन गोण्या आणल्या, वर नको असलेलं दुसरं खत गळ्यात पडलं ते वेगळंच. त्यातली एक लसूणघासाला टाकली, शेजारचे वाफे तसेच ठेवले. चार कापण्या झाल्या, फरक काही दिसला नाही.

म्हणून स्फुरद लागतच नाही असं समजू नका. युरिया टाकला की आठवड्यात रान हिरवंगार होतं, स्फुरदाचं तसं नसतं. टाकलेल्यातलं जेमतेम १५ ते २५ टक्के त्या वर्षी पिकाला लागू पडतं. बाकीचं चुनखडीच्या रानात चुन्याशी बांधलं जातं आणि हळूहळू सुटतं. वर्षानुवर्षं डीएपी खाल्लेल्या रानात ही शिल्लक असते. नव्यानं पाण्याखाली आलेल्या माळावर मात्र पहिल्याच गोणीला घास उठतो.

शिल्लक संपतेही. घास तीन वर्षं उभा राहतो, दर कापणीला स्फुरद भाऱ्यातून बाहेर जातं. शेणातून ते परत यावं, तर शेण आम्ही उसाला घालतो.

तेव्हा रांगेआधी माती तपासून घ्या. कमी निघालं तरी डीएपीच पाहिजे असं नाही. १३५० रुपयांच्या गोणीत २३ किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांत २४ किलो, शिवाय गंधक. घासाच्या मुळांवरच्या गाठी नत्र स्वतःच मिळवतात, मग डीएपीतल्या ९ किलो नत्राचे पैसे कशापायी मोजायचे?