वाचक कोठला?

लेखणी चालविणाऱ्या प्रत्येकाच्या मनांत केव्हां ना केव्हां एक प्रश्न येतोच : आपलें लिहिणें वाचतें कोण, आणि कोठें बसून? पूर्वी याचें उत्तर वर्गणीदारांच्या नोंदवहींत व पत्रांवरील टपालाच्या शिक्क्यांत शोधीत. अर्थात् तें अर्धेंच उत्तर असे. वहींत नांव घरांतील कर्त्या पुरुषाचें. अंक मात्र प्रथम माजघरांत जाई, तेथून ओसरीवर येई, आणि शेवटीं शेजाऱ्यांच्या हातीं पडे. एका वर्गणीमागें वाचक किती, हें कोणत्याच वहीला ठाऊक नसे.

आतां लहानसहान मासिकेंही मोबाइलच्या पडद्यावर वाचलीं जातात, आणि यंत्र गांववार वाचकसंख्या मांडून दाखवितें : इतके मुंबईचे, इतके पुण्याचे, आणि इतके थेट अमेरिकेंतील व्हर्जिनियाचे! हें पाहून संपादकास हर्ष होणें साहजिक आहे. परंतु सुज्ञ वाचकहो, हर्षापूर्वीं प्रमाण तपासावें, असें आम्हांस वाटतें.

न्यायशास्त्रांत धुरावरून अग्नीचें अनुमान करतात. धूर तेथें अग्नि, ही व्याप्ति पक्की असल्यामुळें तें अनुमान टिकतें. येथें धुराचें काम एक क्रमांक करतो. इंटरनेटच्या व्यवहाराला असा क्रमांक लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. नांव पत्ता असलें तरी त्यांत गांव, पेठ, गल्ली कांहीं नसतें. आपल्या बाजूच्या देशांसाठीं हे क्रमांक वांटण्याचें काम ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथील ‘एपनिक’ ही संस्था पाहते. क्रमांक गठ्ठ्यांनीं कंपन्यांकडे जातात, व कंपन्या ते ग्राहकांस वापरावयास देतात. त्यांतून जुन्या पद्धतीचे एकूण क्रमांक सुमारें ४२९ कोटी, आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर. म्हणून मोबाइल कंपन्या एकच क्रमांक एकाच वेळीं पुष्कळ ग्राहकांना पुरवून वापरतात. कंपनीचें मोठें यंत्र मुंबईस असेल, तर सावंतवाडीस ओटीवर बसून वाचणारे आजोबा मुंबईकरांत गणले जातात.

व्हर्जिनियाचें गूढही असेंच उकलतें. त्या राज्यांत अॅशबर्नच्या आसपास प्रचंड संगणकगृहें आहेत. तसल्या संगणकगृहांतील कित्येक यंत्रें जगांतील मजकूर रात्रंदिवस चाळीत असतात, आणि मोजणींत त्यांचीही गणना ‘वाचक’ म्हणून होऊं शकते. क्रमांक आहे, पण त्या गांवीं वाचणारा मनुष्य नाहीं! नैयायिकांच्या भाषेंत असा हेतु सव्यभिचार ठरतो.

संपादकाचा असा भ्रम झाला तर फारसें बिघडत नाहीं. पण हेंच अनुमान पोलिसांच्या हातीं गेलें म्हणजे काय होतें, तें अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत दिसून आलें. क्रमांकावरून ठिकाण सांगणाऱ्या एका कंपनीनें, ज्या क्रमांकाचा देश कळतो पण गांव कळत नाहीं, त्यासाठीं देशाच्या मध्याजवळचा एक बिंदु ठरविला : ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. आंकडे सुटसुटीत असावेत, एवढाच उद्देश. त्या बिंदूजवळ, पॉटविन गांवानजीक, एक शेतवाडी होती. ६० कोटींहून अधिक क्रमांकांचें ‘ठिकाण’ ती वाडी होऊन बसली. कोठें कोणाची फसवणूक झाली कीं माग त्या वाडीवर! वर्षानुवर्षें पोलीस, सरकारी अधिकारी व चिडलेले अनोळखी लोक तेथें येत राहिले. आणि आपला अपराध काय, हें तेथें राहणाऱ्यांना कळेना. २०१६ सालीं एका पत्रकार बाईंनीं हा उलगडा केला, तेव्हां कंपनीनें तो बिंदु विचिटा शहराच्या पश्चिमेस एका तलावांत नेऊन ठेवला.

यंत्राला ‘अमेरिकेंत कोठेंतरी’ इतकेंच सांगावयाचें होतें. पण नकाशावर ‘कोठेंतरी’ला जागा नसते. त्यानें एका बिंदूवर बोट ठेवलें, आणि पाहणारांनीं त्याला कोणाचें तरी घर मानलें.

ही गोष्ट सातासमुद्रांपलीकडची खरी. तथापि एकत्र कुटुंबांत तिचा विचार अवश्य व्हावा. आपल्या घरीं जोडणी एक, तिचें बिल आजोबांच्या नांवें, आणि वापरणारीं आठ-दहा माणसें. शिवाय आला-गेला पाहुणा. बाहेरून पाहणाऱ्यास तीं सारीं बहुधा एकच दिसतात. ‘अमुक क्रमांकावरून झालें, तेव्हां अमक्यानेंच केलें,’ असें कोणी म्हणेल, तर शांतपणें विचारावें : क्रमांक कोणाच्या नांवचा तें कळलें, हात कोणाचा होता? याचें उत्तर मिळेपर्यंत, आरोप घरच्या मुलावर असो कीं शेजाऱ्यावर, निवाडा करूं नये.

आणि लेखकानें काय करावें? आंकड्यांचा तक्ता जरूर पाहावा. पण त्याहून अधिक विश्वास, वाचकानें आपल्या हातानें नांव-गांव घालून पाठविलेल्या चार ओळींवर ठेवावा. असें एकच पत्र आलें, तरी निदान एक वाचक कोठला, हें त्याच्याच तोंडून कळतें.